बोट दाखवल्यावर मोडायची घडी

अप्पा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एक गोष्ट तुम्हाला सांगायची माझ्याकडून राहिली आहे. आणीबाणी उठली त्या वर्षीची. मुंबईच्या संगणक संस्थेतून चार दिवसांची सुट्टी काढून मी सोलापूरला आले होते. सुट्टी कसली, पिशवीत फसलेल्या प्रोग्रामचे कागद होते. दुपारी आपल्या घराचा पत्रा तापतो, म्हणून नवी पेठेतल्या तुमच्या मालकांच्या साड्यांच्या दुकानात, गादीच्या कोपऱ्यात मी कागद पसरून बसले आहे. तुम्ही गिऱ्हाइकाची वाट बघताय.

मला आकड्यांची न संपणारी यादी हवी होती. एक, दोन, तीन, आपण मागू तेवढे आकडे तिनं द्यायचे. पण ज्या भाषेत मी प्रोग्राम लिहीत होते, तिला एक वाईट खोड होती. हातात काहीही द्या, ती आधी ते पुरतं सोडवून बसायची. 'पहिला आकडा आणि उरलेली यादी' म्हटलं की ती उरलेल्या यादीच्या मागे लागायची, आणि उरलेल्या यादीला तर शेवटच नाही. जागा संपेपर्यंत यंत्र नुसतं राबायचं. तीन आठवडे माझं हेच चाललं होतं. लवकर जमलं नाही तर काम माझ्याकडून काढून दुसऱ्याला देणार होते. माझी मतीच खुंटली होती.

तेवढ्यात अक्कलकोटकडच्या एक बाई आल्या. "इन्नोंदु तोरिसरि," आणखी एक दाखवा, असं त्या म्हणत गेल्या आणि तुम्ही एकेकच साडी उलगडत गेलात. मी वैतागून म्हटलं, "अप्पा, सगळ्या टाका की एकदम त्यांच्यापुढं." तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "बोट दाखवल्याबिगर घडी मोडायची न्हाय. सगळ्या मोडल्या तर बसायला जागा कुटं ऱ्हाईल? आन् मोडलेली लगीच आवरायची न्हाय. हितंच पडू दे, परत मागतील की."

मी कागद उलटा केला. उरलेली यादी द्यायचीच नाही. ती कशी काढायची एवढी सूचना घडी घालून द्यायची. मागितली की उघडायची, आणि एकदा उघडली की उत्तर तसंच ठेवायचं. अशा बांधलेल्या सूचनेला हाक मारल्याशिवाय ती भाषा हात लावत नव्हती. कागदावर मी तिचं नाव 'घडी' असंच लिहिलं. बाई गेल्यावर तुम्ही विचारलंत, "काय घावलं गं? सांग की." मी म्हटलं, "आत्ता नाही अप्पा. आधी चालू दे, मग सांगते." तुम्ही बरं म्हणून साड्या आवरायला लागलात.

मुंबईत यंत्रावर चालवला तेव्हा पहिल्याच फेरीला यादी चुकली. एक आला, पुढं सगळा गोंधळ. घडी घालताना आत 'न' लिहिला होता, तेव्हा न म्हणजे एक. उघडेपर्यंत त्याच नावाखाली भलताच आकडा येऊन बसलेला, आणि घडी मुकाट्यानं तोच उचलायची. घालतानाचा आकडा तिच्याबरोबर बांधून द्यायला हवा, हे कळायला आणखी दोन आठवडे गेले. मग पहिले दहा आकडे मागितले, ते नीट आले. अकरावा मागितला, तोही आला.

त्याच आठवड्यात तार आली. मी पोचले तेव्हा तुम्हाला लकवा होऊन दोन दिवस झाले होते. वाचा गेलेली. आई म्हणाली, "बोल की, त्यांना ऐकू येतंय." मी पलंगाशी बसून सगळं सांगितलं, घडी, आकडे, चुकलेली फेरी. कळतंय का अप्पा, असं विचारत राहिले. तुमच्या डोळ्यांतून पाणी यायचं, पण ते तर कूस बदलली तरी येत होतं. मला काही करता येत नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. नऊ दिवसांनी तुम्ही गेलात.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेव्हा आता खरं लिहिते. मी सगळं सांगितलं, एक सोडून. संस्थेत सरांनी विचारलं होतं, "ही युक्ती कुठून सुचली?" मी म्हटलं, "अशीच, सहज." माझे वडील दुकानात साड्या दाखवतात, हे तिथं सांगायची मला लाज वाटली होती. तुमच्या पलंगाशी बसले होते तेव्हा तुम्हाला माझ्यावर रागावतासुद्धा आलं नसतं, अप्पा. तरी ते मी बोलले नाही.