द्राक्षसाखरेची बरणी

१७ जानेवारी १९४३, पॅरिस

फार दिवसांनी लिहितोय, माफी असावी. शाई गोठली होती. आज दौत काखेत धरून बसलो तेव्हा कुठे वितळली.

आमच्या पोराचं, फाबियांचं कार्ड आलं, जर्मनीतल्या कैदी छावणीतून. तारीख नोव्हेंबरची. 'खोकला जात नाही. गोड काहीतरी पाठवा.' बायकोने, लेओन्तीनने सॅकरीनची डबी काढली, पुन्हा ठेवून दिली. म्हणाली, "जिभेला फसवेल ही. पोराच्या अंगी काय लागणार?"

साखर कुठून आणू?

२० जानेवारी

आणली. लिहायला हात धजत नाही, पण आणली.

प्रयोगशाळेत माझ्या ताब्यात दोन बरण्या. एक द्राक्षसाखरेची, म्हणजे ग्लुकोजची, एक दुधाच्या साखरेची. दोन्ही पांढऱ्या, पिठासारख्या. द्राक्षसाखर आता कुठे मिळत नाही. दुधाची साखर पोतंभर पडलीय, तिला गोडी बेताची. मी पहिलीतून चमच्याने रुमालात काढली आणि तेवढीच दुसरीतली तिच्यात मिसळली. बरणी होती तेवढीच भरलेली दिसते.

तिथल्या संशोधक कॅदियूबाई आपल्या जंतूंना या दोन्ही साखरा एकदम खाऊ घालतात. मी बाटल्या धुतो, पण एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "बाबा, आधी द्राक्षसाखर खातात. ती संपली की वाढ थांबते, हालचाल नाही. मग दुधाची सुरू करतात."

"थांबतात कशाला? समोर ताट आहे की."

"हत्यार नाही ना हातात. दुधाची साखर आत ओढायला एक लागतं, फोडायला दुसरं. मला वाटतं, ती घडवायचा हुकूम त्यांच्या जनुकांतच असतो. पण सोपं खाणं मिळतंय तोवर तो दाबलेला."

आमचा फाबियां तसाच. पाव आहे तोवर सलगमाला हात लावायचा नाही.

२ फेब्रुवारी

पार्सल गेलं. लेओन्तीनने साखर पिशवीत घालून दुहेरी शिवण मारली. कुठून आणली ते विचारलं नाही. दुसऱ्या पार्सलसाठी चमचा चमचा काढणं चालूच आहे.

बाई कागदावर जंतूंच्या वाढीची रेघ काढतात. एक चढण, मग सपाट पायरी, मग दुसरी चढण. आज मला हाक मारून कागद ओळीने मांडले. "हे बघा. पहिली चढण दर खेपेला बुटकी होतेय! द्राक्षसाखर सोडून लवकर दुसरीकडे वळतात. शिकताहेत ते, बाबा."

बरणीत द्राक्षसाखरच कमी उरलीय. जंतू कसले शिकतात. माझा चमचा शिकलाय.

प्रयोगशाळेचे साहेब दारातून म्हणाले, "कॅदियू, तुमचे जंतू शाळेत जातात वाटतं? मग हजेरी घेत चला."

बाई लाल झाल्या. पण ऐकणाऱ्यातल्या नाहीत. महिनाअखेरच्या सभेत सगळ्या वडीलधाऱ्या शास्त्रज्ञांसमोर हे वाचणार.

९ फेब्रुवारी

आता चमचा लावत नाही. पण बरणीत मिसळलेलं वेगळं कसं करू?

१४ फेब्रुवारी

लेओन्तीनला सांगितलं. ती बटाट्याची सालं निवडत होती, मान वर केली नाही.

"बोललास तर नोकरी जाईल."

"त्यांची सभेत फजिती होईल, लेओन्तीन. आज नाही तर उद्या कुणीतरी नवी बरणी उघडून ताडून बघेल."

"होऊ दे फजिती. फजितीने कुणी मरत नाही. खोकल्याने मरतं."

जेवण गेलं नाही. साहेबांचे बूट वाजले की वाटतं, माझ्याकडेच येताहेत.

२५ फेब्रुवारी

सभा उद्या. बाई एकट्या होत्या, कागद लावत. मी टोपी हातात घेऊन उभा राहिलो. "बाई, तुमचे जंतू शिकत नाहीत. बरणीत भेसळ आहे. मी केली. पोरासाठी."

त्या उठल्या, बरणीत बोट घातलं, चाखलं.

"या दोन साखरांवरच माझं सगळं काम, हे सांगितलं होतं ना तुम्हाला? तेवढंही नाही कळलं?" मग, "कधीपासून?"

सांगितलं.

"पार्सल गेलं?"

"एक गेलं, बाई. दुसरं बांधून आहे."

कागद गोळा केले. चुरगाळतील वाटलं, पण नीट घडी घातली. "जा. बाटल्या पडल्यात."

२६ फेब्रुवारी

मी दाराबाहेर बादली घेऊन उभा होतो. बाई सभेत म्हणाल्या, "बरणीत दोन साखरा मिसळल्या गेल्या, चूक माझी, निष्कर्ष मागे घेते." साहेब म्हणाले, "म्हणजे शाळा सुटली." सगळे हसले. एक म्हातारे तर खोकेपर्यंत हसले.

बाहेर आल्या. बादलीला वळसा घालून गेल्या. मी आभार मानले नाहीत. कसे मानतात?

८ मार्च

बाई माझ्याशी कामापुरतं बोलतात. बरण्यांच्या कपाटाला कुलूप आलंय, किल्ली त्यांच्या खिशात. बरोबरच आहे. दुसरं पार्सलही मी पाठवलंच.

२३ मार्च

पहिलं पार्सल परत आलं. शिवण तशीच. वर शिक्का आहे आणि हाताने लिहिलंय: कैदी डिसेंबरात हलवला. कुठे, ते नाही.

डिसेंबरात. म्हणजे मी पहिला चमचा घेतला तेव्हाही तो तिथे नव्हता.

लेओन्तीन पिशवी मांडीवर घेऊन बसलीय, उघडू देत नाही. फाबियां, जिथे असशील तिथून दोन ओळी. लवकर, पोरा.