आठ पुड्या

३ मार्च, सोमवार

आठ! व्हिटॅमिन डी फक्त आठ! तीस तरी हवं होतं म्हणे. सव्वीस वर्षं उघड्या तलावाच्या काठावर शिट्टी फुंकत पोरांना पोहायला शिकवलं, आणि माझ्याच अंगात उन्हाचा दुष्काळ! गेल्या वर्षी पोटरीवरचा तीळ कॅन्सरचा निघाला, तो कापून काढला. तेव्हापासून पडदे बंद, पूर्ण बाह्या, दाराबाहेर पाऊल टाकलं की छत्री. लेक म्हणते, "आई, घुबड झालीयेस तू."

पण खरी धास्ती वेगळीच. महिनाभर कंबरेचं हाड ठणकतंय. डॉक्टरबाई म्हणाल्या, "डी इतकं कमी असलं की हाडं दुखतातच. आठवड्याला एक पुडी, आठ आठवडे. पातळी वर आली, दुखणं थांबलं, की प्रश्न मिटला. पातळी येऊनही दुखत राहिलं तर मात्र स्कॅन करू." हे सांगताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही बाईंनी.

हे बाहेर बाकड्यावर होते. त्यांना निम्मंच सांगितलं — पातळी वर आली की सुटले.

९ मार्च, रविवार

पुडी कापायला कात्री घेतली आणि हात थांबला. आत्ता या दुखण्याला एक साधं, गरीब कारण आहे. ते गेलं तर मागे काय उरेल? पुडी पोहण्याच्या जुन्या पिशवीत टाकली.

"घेतलीस?"

"घेतली."

तीस वर्षांच्या संसारात इतक्या सरळ तोंडाने कधी खोटं बोलले नव्हते.

१६ मार्च

दुसरीही पिशवीत.

६ एप्रिल, रविवार

पाच झाल्या. वेड लागलंय का मला? पोरांना ओरडायचे — "काठ सोड आधी!" आणि स्वतः काठ सोडवत नाही. जिना चढताना कठडा लागतो. आज बाथरूममध्ये नळ सोडून रडले. खूप रडले. मरायचं नाहीये मला! हे दार वाजवत होते, "अगं, दूध गार होतंय!" हल्ली रविवारचं दूध हेच करतात. साखर जरा जास्तच घालतात.

२९ एप्रिल

रक्त देऊन आले. देवा, आठच येऊ दे! असलं मागणं कुणी मागतं का?

३० एप्रिल, बुधवार

एकेचाळीस.

हे नाचायचेच बाकी होते. मग हळूच म्हणाले, "रागवू नकोस. पहिल्याच रविवारी पिशवीत पुडी दिसली मला. म्हटलं, औषधांना विटलीये बिचारी. वेगळ्या आणल्या आणि दर रविवारी तुझ्या दुधात मीच घातल्या. सुटलीस गं तू!"

आणि हे लेकीला फोन करायला धावले.

मी टेबल धरून उठले. कंबर तशीच ठणकतेय.