या खेपेला ‘ठीक है’ म्हणलो न्हाई

दिल्ली, १२ जुलै २००१

सौ. इंदूस, रामनाथचे दिल्लीहून आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. जेवण बरं हाय, काळजी करू नको.

मागच्या मेडिकल बोर्डात डॉक्टरांनी गुडघ्यांचं विचारलं, अन् फौजेच्या सवयीनं मी ‘ठीक है, साब!’ ओरडलो. म्हणून अपंगत्व कमी धरलं, पेन्शन नाकारली.

आज अपिलाच्या बोर्डानं उकिडवं बसवलं. बसलो, पण उठता येईना. "गाँव में क्या काम करते हो?" साहेबांनी विचारलं. खरं सांगितलं. उभं राहवत न्हाई, म्हणून वॉचमनचीबी नोकरी न्हाई. शिनोलीच्या खाचरात बायको एकटी भात लावते, मी बांधावर बसून बघतो.

निकाल टपालानं येईल. याबी खेपेला अपंगत्व कमी धरलं तर परत लढीन.

लावणी कुठवर आली? घरी आलो की गुडघ्यांचं विचार. तुलाबी आजवर ‘ठीक हाय’च सांगत आलो. आता न्हाई सांगायचो.

तुझा,
रामनाथ