माझे अर्धे शब्द

प्रिय नलू,

येत्या रविवारी जया चिखलीहून आली की तुझ्या फोटोपुढे बसून देऊळगाव राजाला काय घडलं ते सगळं सांगणार. तुझीच लेक ती, तिखटमीठ लावल्याशिवाय सांगणार नाही. म्हणून म्हटलं, तिच्या आधी आपणच लिहून टाकावं. लिहिताना मी अडखळत नाही, एवढी एकच सोय देवानं मला ठेवली आहे.

तर बातमी अशी की तिथल्या वाचनालयाच्या कविसंमेलनात मी कविता वाचली. हो, मीच! मायकासमोर उभं राहून. विश्वास बसत नाही ना? माझाही अजून नीट बसलेला नाही.

लोक विचारतात, बोलताना अडकणारा माणूस कविता कशी करतो. मला वाटतं, अडकतो म्हणूनच करतो. लहानपणापासून एखादा शब्द समोर आडवा आला की मी त्याला वळसा घालायचो. ‘प’ निघत नसे. अमडापूरच्या स्टँडवरच्या हॉटेलात मी एकदा पाणी मागायच्या ऐवजी ‘जल’ मागितलं होतं, तेव्हा मालकानं विचारलं, “कोन्या मठातले महाराज हो तुमी?” सगळं हॉटेल हसलं. पण अशा पळवाटा शोधता शोधता माझ्याकडे एकेका वस्तूसाठी चार-चार शब्द जमले. पुढे कविता करू लागलो तेव्हा ते कामाला आले. फक्त एक गोची झाली. कवितेत पळवाट चालत नाही. जो शब्द बसतो तोच म्हणावा लागतो, मग तो तोंडातून निघो की न निघो.

आणि मग तू आलीस. मी सुरुवात करायची आणि तू शेवट करायचा, असा आपला संसार. बँकेत, दवाखान्यात, तहसीलमध्ये, सगळीकडे माझी अर्धी वाक्यं तूच पुरी केलीस. सगळे म्हणायचे, भास्करला बायको छान मिळाली. मिळालीच होती. पण नलू, तू घाई फार करायचीस गं! बियाण्याच्या दुकानात मी “स… स…” करत होतो, तर तू सोयाबीनच्या पिशव्या बांधायला सांगून मोकळी झालीस. मला सूर्यफूल पेरायचं होतं. मी काय केलं? सोयाबीन पेरलं. चूक दुरुस्त करायला पुन्हा बोलावं लागलं असतं ना!

सोयाबीनचं मी कधीच विसरलो. बारशाचं मात्र विसरलो नाही. माझी बहीण पाळण्याशी वाकून विचारत होती, भाऊ, कानात कोणतं नाव सांगू? मी “ज… ज…” करतोय, तेवढ्यात तू म्हणालीस, “जया म्हनून राह्यले हे.” बायकांनी तेच उचललं, पाळणासुद्धा सुरू झाला. मला जाई म्हणायचं होतं. कितीतरी दिवसांपासून मनात धरून ठेवलेलं नाव होतं ते. तुला कधी सांगितलं नाही. तू तरी कधी विचारलंस का, की मला नक्की काय म्हणायचं होतं?

माझ्या कविताही तूच वाचायचीस. चिखली, मेहकर, जिथून बोलावणं येई तिथे तू पदर सावरून मायकाशी आणि मी मागच्या खुर्चीवर. छान वाचायचीस, खोटं कशाला बोलू? पण एखादा शब्द जिभेवर बसला नाही की सरळ बदलायचीस. लोक टाळ्या वाजवायचे आणि मी मागे बसून त्या शब्दासाठी हळहळायचो.

तू गेल्यावर मी एकच कविता लिहिली. तुझ्यावरच. देऊळगावचं बोलावणं आलं तेव्हा जयानं ठरवूनच टाकलं की ती कविता आपणच वाचणार. मी नाही म्हणालो. ती चिडली. म्हणाली, “आई वाचे तवा तुमी कधी नाही म्हनलं नाही, बाबा. मंग मलेच काऊन?” मला तिला एवढंच सांगायचं होतं की ही कविता दुसऱ्या कुणाच्या तोंडून मला ऐकवणार नाही. ते सांगायलाही मला बराच वेळ लागला. बसमध्ये ती चिखलीपासून देऊळगावपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

मायकासमोर पहिल्याच शब्दाला माझी गाडी अडली. कुणी खोकलं, कुणी मोबाईल काढला. मग मांडीवर बोटानं ठेका धरला आणि ओळ निघाली. ठेका असला की शब्दाला पाय टेकायला जागा मिळते.

प्रत्येक कडवं ‘कळत नाही’, ‘वळत नाही’ असं संपत होतं. आपल्याकडे ओळीचा शेवट सापडला की लोक कवीच्या आधीच तो म्हणून टाकतात, तुला माहीत आहे. तिसऱ्या कडव्याला मी अडकलो आणि सगळं सभागृह म्हणालं, “नाही!” मला राग आला. म्हटलं, इथेही तेच? मग समोर पाहिलं. कुणाच्या चेहऱ्यावर माझी कीव नव्हती. शब्द आपल्याला सापडला म्हणून लोक खूश होते, माझ्या ओळीत शिरले होते.

तू माझे शब्द पुरे करायचीस तेव्हा मी मान खाली घालून उभा असायचो. तुझ्या चेहऱ्याकडे कधी बघितलंच नाही गं. तूही अशीच खूश असायचीस का?

शेवटचं कडवं आलं.

“रोज दोघांचा टाकत होतो, सवय काही ढळत नाही,
चहा एकाचा टाकला आज, हाताला आता कळत…”

आणि मी अडकलो. लोक एका सुरात म्हणाले, “नाही!” टाळ्यासुद्धा सुरू झाल्या. तिथेच खाली बसलो असतो तरी चाललं असतं. आयुष्यभर तेच तर केलं. पण मी मान हलवली आणि हात वर केला. टाळ्या थांबल्या. माझा शब्द घशात होता, तो काही केल्या निघेना. जया पहिल्या रांगेत होती. तिला शब्द पाठ होता, पण ती ओठ घट्ट मिटून थांबली.

“आ… आ… आहे,” मी म्हणालो.

कुणीच टाळी वाजवली नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

परत येताना जया म्हणाली, “लोकायले वाटलं तुमी मुद्दामच थांबले.” मी म्हटलं, वाटू दे.

नलू, यापुढे माझं वाक्य कुणी पुरं केलं तर मी आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघेन. शब्द चुकला असेल तर माझा शब्द सांगेन. वेळ लागेल, पण सांगेन, हा माझा तुला शब्द.

तुझाच,
भास्कर