कापरेकरांचा खेळ आणि शेठची गाडी

सिल्व्हर पार्क, मीरा रोड
८ जानेवारी २००६

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. गुडघा दुखतोय, म्हणून तो कागदावरच घालतो. नोकरी शाबूत आहे, हे आधी सांगतो.

क्लासमध्ये संस्कृतला मुलं दोनच. परवा शेठ म्हणाले, "गुरुजी, गणिताचे सर पळाले. आज पालकांसमोर तुम्हीच शिकवा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

तेव्हा तुमच्या देवळालीचे कापरेकर मास्तर धावून आले. जन्मभर शाळेत शिकवलं, आकड्यांशी खेळले, विद्वानांचं हसू सोसलं. त्यांचाच खेळ फळ्यावर मांडला. कुठलीही चार अंकी संख्या घ्या. तिच्या अंकांची सर्वांत मोठी संख्या करा, तीतून सर्वांत लहान वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच. फार तर सात वेळांत ६१७४ येतं!

पालक आपापल्या स्कूटरचे नंबर सांगत सुटले. सगळे ६१७४वर येऊन थांबले. शेठ उठले, "मेरी गाडी का लो! ७७७७, खास मागून घेतलाय."

"शेठ, चारही अंक सारखे. तुमचं उत्तर शून्य."

हसून हसून पालकांनी मुलांची नावं घातली. शेठ आता गाडीचा नंबर बदलतायत, मला नाही.

भावजींचा खोकला कसा आहे? आणि माझ्या दहावीच्या गणितासाठी तू एकवीस मोदकांचा नवस बोलली होतीस. पस्तीसच गुण मिळाले म्हणून दहाच वाहिलेस. उरलेले अकरा आता वाहून टाक.

तुझा धाकटा,
बबन