सरजाबाईंचा पुकारा

येलदरी
१९ जानेवारी १९७५

प्रिय नीलम्मा,

विद्यापीठाने तुला 'नीला' करून टाकलं असलं, तरी मी नीलम्माच लिहिणार. तुझ्या प्रबंधातला आमच्या विहिरीच्या खटल्याचा भाग पोचला. तुझ्या काकांनी जिंतूरच्या दुकानातून तो एसटीच्या कंडक्टरकडे दिला आणि त्या बिचाऱ्याने माझ्या शाळेत आणून दिला. तू बजावलं होतंस, तसा मी तो माझ्या सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे ओरडूनच वाचावा लागला.

त्या ओसरीत अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या. आम्ही बौद्ध झाल्यावर गावाने विहिरीवर कसं अडवलं, घागर कशी फोडली, कोर्टात साक्ष कशी झाली, सगळं मान डोलवत ऐकलं. शेवटी म्हणाल्या, "समदं खरं हाय. पर ही लक्ष्मीबाई कोन?" मी समजावलं की संशोधनात माहिती देणाऱ्याचं नाव बदलायची रीत असते, त्याला पुढे कुणी त्रास देऊ नये म्हणून. त्यांनी भाजीची टोपली बाजूला सारली आणि त्या दिवशी अर्धीच भाकर खाल्ली.

खरं सांगू? नाव बदललंस हे मला बरंच वाटलं होतं. विहिरीवर अडवणाऱ्यांचीच पोरं आज पंचायतीत बसतात. आमच्या ह्यांनाही त्यांच्याच शेतावरून रोज ये-जा करावी लागते. "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" असं हे म्हणाले आणि मीही मान हलवली. सासूबाईंनी मात्र आमच्याशी बोलणंच टाकलं. हट्टीपणात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे तुला ठाऊक आहेच.

मग एके दिवशी भाकरी थापता थापता त्या आपणहून बोलल्या. साक्षीच्या दिवशी बाकीचे साक्षीदार फिरले होते. सख्खा दीर तर एसटीतून उतरलाच नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात ह्या एकट्याच. तेवढ्यात शिपायाने पुकारा केला, "सरजाबाई सूर्यभान खिल्लारे, हाजिर हो!" गावात शेंबडं पोरसुद्धा त्यांना 'सरजे' म्हणून हाक मारायचं. त्यामुळे आधी त्यांनीच वळून पाहिलं, ही कोण मोठी बाई आली म्हणून. मग उठल्या. वाटेत बसलेल्यांनी पाय आखडून घेतले, त्यात विहिरीवर अडवणारेही होते. खटला पुढे हरलो, पण निकालाबद्दल त्यांच्या तोंडून मी कधी चकार शब्द ऐकला नाही. पुकाऱ्याचं सांगताना मात्र त्यांचा हात थांबला आणि तव्यावरची भाकरी करपली. "कोर्टानं नाव घेतलं तवा मी भ्याले न्हाई," त्या म्हणाल्या, "मग आता तुमी कशाला झाकायलात?"

नीलम्मा, तूच लिहिलं आहेस की त्या खटल्याची मिसल, म्हणजे सगळी कागदपत्रं, मुदत संपल्यावर नियमाप्रमाणे नष्ट झाली. म्हणजे सरजाबाई खिल्लारे कोर्टात उभी राहिली, हे आता तुझ्या पानांखेरीज कुठेच लिहिलेलं नाही. आणि तिथे लक्ष्मीबाई आहे. तू आमच्या भल्यासाठीच केलंस, त्याचा राग नाही. पण मला फार वाईट वाटलं.

मागच्या रविवारी सासूबाई गेल्या. थंडीने छाती भरली आणि जिंतूरला नेईपर्यंतही थांबल्या नाहीत. काल त्यांच्या पुण्यानुमोदनाची सभा झाली. विहिरीवाल्यांच्या घरचेही दोघेतिघे येऊन मांडवाच्या कडेला बसले होते. बोलायला हे उभे राहिले. मला वाटलं, चार शब्दांत उरकतील. ह्यांनी आईचं पूर्ण नाव घेतलं आणि खटल्याची सगळी हकिगत सांगितली, त्या लोकांच्या तोंडाकडे बघत. घरी आल्यावर मला म्हणाले, "नीलाताईला लिही. नाव बदलू नका म्हणावं. फुडचं आमी बघून घिऊ." त्यासाठी हे पत्र. लक्ष्मीबाई खोड आणि खरं नाव लिही, सूर्यभानसकट, खिल्लारेसकट. तुझे सर नियम दाखवतील, तर त्यांना हे पत्र दाखव. खाली ह्यांचीही सही आहे. ते पान नव्याने टाइप झालं की पाठव. आता ओरडून वाचायची गरज उरली नाही, तरी मी ओसरीत उभी राहून ते मोठ्यानेच वाचणार आहे.

तुझीच,
गीता

भगवान सूर्यभान खिल्लारे