पिठाच्या डब्यातली गोळी

माय, मला लिहायचा कंटाळा, अक्षरं बी धड जमत न्हाईत. तरी बसले, कारण काल मी तुझ्याविषयी खोटं बोलले.

धाकली आठवते ना? हे नाव तूच ठेवलंस. नवऱ्याचं घर सोडून मी जालन्याला बियाण्याच्या कंपनीत लागले, तिथं ती भेटली, आणि आम्ही एका खोलीत ऱ्हायला लागलो. तू टेंभुर्णीहून आलीस, खोलीत एकच अंथरूण बघितलंस. जाताना माझी ओटी भरलीस आणि मंग तिला म्हणलीस, "ये धाकले, पदर पसर." ती रडली. मी म्हणले, जल्दी कर, टेम्पो जाईल. मी अशीच.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या अंगावरून जायला लागलं. पिवळसर, वास मारणारं, आणि खाज अशी की कामावर उभं राहवेना. सरकारी दवाखान्यात सिस्टरनं गोळ्यांची दोन पाकिटं दिली. एक तुमचं, एक मालकाचं, म्हणली, त्यांनी घेतलं न्हाई तर पुन्हा होईल. कपाळावरची टिकली बघून तिनं मालक धरला, मी बी मान हलवली. बाहेर आल्यावर मला हसू आलं. घरात गडीच न्हाई, मंग लागणार कुणाला? बाईचं बाईला काय लागतंय? माझ्या गोळ्या मी घेतल्या, दुसरं पाकीट ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खाली दाबलं. धाकलीला सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, हे दुखणं कुठून आणलंस, आणि ते मलाच ठाऊक नव्हतं.

मंग तिला सुरू झालं. तिनं लाजत लाजत सांगितलं, आणि मी तिला तुझी तुरटी दाखवली. चुलीमागं फडक्यात बांधून ठेवायचीस ती. मी वयात आले तवा म्हणलीस, कोमट पाण्यात फिरवून आतून धू. धाकली रोज धूत ऱ्हायली. आग व्हायची, लघवीला बसताना दात आवळायची, आणि वर मलाच म्हणायची, "माझ्यातच काही खराबी हाय, तू लांब झोप." मी लांब झोपले. एवढं ऐकून बी मी डबा उघडला न्हाई.

माझं पुन्हा सुरू झालं तवा दवाखान्यात नवीन डॉक्टरीण होती. मालकांनी गोळ्या घेतल्या का, तिनं विचारलं. खाजेनं माझं डोकं फिरलेलं.

"मालक न्हाई," मी म्हणले. "बाई हाय. आम्ही दोघी नवरा-बायकोवाणी ऱ्हातो. तिला बी हेच झालंय."

तिचा पेन थांबला, पण ती हसली न्हाई. हे बाईकडून बाईला बी लागतं म्हणाली, अंगाच्या ओलाव्यातून, हातातून. दोघींनी बरोबरच औषध घ्यायचं, बरं होईपर्यंत जवळ यायचं न्हाई. आणि तुरटीबिरटी बिलकुल बंद, आतून धुतल्यानं उलट जास्त बिघडतं. तिला घेऊन या, तपासते, म्हणाली. एवढंच होतं, माय. एक वाक्य बोलायचं होतं.

काल धाकलीला नेलं. घरी आल्यावर म्हणली, "तुला माझ्या आधी झाल्तं ना?" मी पिठात हात घातला आणि पाकीट तिच्यापुढं ठेवलं. ती बराच वेळ त्यावरचं पीठ पुसत बसली.

"मी माझ्या अंगाला शिव्या देत होते, अन् तू ऐकून राह्यली होतीस. कुणी शिकवलं तुला असं?"

"मायनं," मी म्हणले. "तुरटी बी तिचीच, अन् लपवणं बी तिचंच."

तिनं भिंतीवरच्या तुझ्या हार घातलेल्या फोटोकडं बघितलं. "बिचारी," म्हणली. माझ्यावरचा राग तिथंच अर्धा उतरला.

तुरटी तुझी, ते खरं. पण लपवणं तुझं नव्हतं. लहानपणचं ते सैपाकघर मला साफ दिसतंय. तुला असाच त्रास झालाय, नर्सबाईनं तुला आणि आबाला गोळ्या दिल्यात. आबा जेवायला बसलेत, तू भाकरीशेजारी गोळी ठेवतेस, म्हणतेस, ही तुमची. ते ताट अंगणात भिरकावतात. तू उठतेस, मातीतली गोळी शोधून पदराला पुसतेस. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा ताटात असते. मी चुलीपाशी बसून बघतेय. त्यांनी घेतली का न्हाई, आठवत न्हाई. तू ठेवत होतीस, तेवढं आठवतं. तुला मार खायची भीती होती. मला कुणाची होती? धाकलीनं आजवर माझ्यावर आवाज बी चढवला न्हाई.

ती आता कामावर गेलीय. गोळी घेतली, माझी बी काढून ठेवली. जुनं पाकीट तिनं फेकलं, डबा धुऊन उन्हात वाळवला आणि नवं पीठ भरलं. हे सगळं तिला सांगायला पाहिजे, आणि सांगितलं की उरलेला राग बी माझ्यावरच येणार. तिला वाचता चांगलं येतं, म्हणून हा कागद कुठं ठेवावा ते बघायला उठले. हात पहिल्यांदा त्या डब्याकडंच गेला, माय.